आपण म्हणजे कोण?

"शलाका, मी केंद्र बंद करायचं ठरवलंय म्हणे," कौस्तुभ फोनवर म्हणाला.

शलाका खैरनार त्या वेळी गिरणाकाठ विद्यापीठाच्या संपर्क कक्षात दीक्षान्त समारंभाची निमंत्रणपत्रिका तपासत होती. नवऱ्याला सकाळी सकाळी चेष्टा सुचलीय असं वाटून ती म्हणाली, "अरे वा! कधी ठरवलंस?"

"मला काय माहीत? कुलगुरूंचं पत्र आलंय. ऐक. 'वटवाघूळ अभ्यास केंद्र या सत्राअखेर बंद करण्याचे आपण ठरवले आहे. पुढील कार्यवाहीसाठी आपली संमती कळवावी.' आपण म्हणजे कोण? मी? मी तर परवाच गुहेत नवे मायक्रोफोन बसवलेत."

शलाकाने निमंत्रणपत्रिका बाजूला सारली. "संमती कळवावी, असं आहे?"

"हो. खाली दोन बटणं आहेत. संमती आहे, संमती नाही."

"तू काय दाबलंस?"

"काहीच नाही. मी काय ठरवलंय ते मला आधी कळू दे."

पत्राखाली सही कुलगुरूंची होती, पण पत्रातली भाषा शलाकाची होती. तिने ते पत्र लिहिलं नव्हतं, पाहिलंही नव्हतं. मात्र विद्यापीठातून बाहेर पडणारं प्रत्येक वाक्य 'समलेखा' या यंत्रणेतून गाळून जात असे, आणि समलेखाला मराठी शिकवली होती ती शलाकाने.

काही वर्षांपूर्वी या विद्यापीठात एकाच कागदाला तीन नावं होती. परीक्षा विभाग त्याला प्रवेशपत्र म्हणे, महाविद्यालयं हॉल तिकीट म्हणत आणि संकेतस्थळावर परीक्षा ओळखपत्र असं लिहिलेलं असे. कळवण-सटाण्याकडून आलेली नवी मुलं हे तीन वेगळे कागद आहेत असं समजून तीन खिडक्यांपुढे रांगा लावत. मग एकदा सूचना निघाली, 'कला, वाणिज्य आणि विज्ञान द्वितीय वर्षाची परीक्षा पुढे ढकलली आहे.' विद्यापीठाला तिन्ही शाखांचं फक्त द्वितीय वर्ष म्हणायचं होतं. वाचणाऱ्यांनी मात्र द्वितीय वर्ष फक्त विज्ञानाला जोडलं. कला आणि वाणिज्यची सगळ्या वर्षांची मुलं घरी बसली आणि परीक्षागृहं ओस पडली. त्यानंतर कुलगुरू म्हणून आल्या डॉ. प्रमिला वाघचौरे. संख्याशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की एका अर्थाला एकच शब्द असेल, आणि विरामचिन्हं मर्जीप्रमाणे पडणार नाहीत.

समलेखा शब्दांची अक्षरं पाहत नसे. शब्दांचा शेजार पाही. 'हरवल्यास', 'सोबत आणावे', 'परीक्षा केंद्रावर दाखवावे' असे शब्द ज्याच्या आजूबाजूला वारंवार दिसतात, तो शब्द कुठल्या वस्तीत राहतो हे यंत्राला उमगे. विद्यापीठाच्या हजारो जुन्या पत्रांवरून त्याने शब्दांचा एक प्रचंड नकाशा तयार केला होता. त्या नकाशात प्रवेशपत्र आणि हॉल तिकीट एकमेकांना खेटून उभे होते. असे दोन शब्द सापडले की समलेखा शलाकाला विचारी, "हे दोन्ही एकच का? कोणता ठेवू?" ती उत्तर देई आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं विद्यापीठ तो एकच शब्द बोलू लागे. या कामात तिला मजा येई. शब्दांची घरं लावून देणारी आपण कोणी नगररचनाकार आहोत, असं तिला वाटायचं.

याच कामात दोन नियम झाले होते. विद्यार्थी संघटनेची तक्रार होती की सूचनांमधलं 'आम्ही' सरंजामी वाटतं. 'आम्ही ठरवले आहे, आम्ही कळवत आहोत', हे काय? विद्यापीठ सगळ्यांचं आहे ना? मग 'आम्ही'च्या जागी 'आपण' आलं. पुढे ज्येष्ठ प्राध्यापकांना यंत्राने 'तुम्ही' म्हटलेलं खटकू लागलं, म्हणून 'तुम्ही'च्या जागीही 'आपण' आलं. दोन्ही नियम वेगवेगळ्या बैठकांत झाले. दोन्ही शहाणपणाचे होते.

कौस्तुभचा फोन ठेवल्यावर शलाका थेट तळमजल्यावर तहसीनकडे गेली.

तहसीन मोमीन मालेगावची. बोलायला फटकळ, कामाला चोख. तिच्याकडे 'कृतिपट' होता, पत्रांवरून पुढची कामं करणारी दुसरी यंत्रणा. भाषा एकसारखी करण्यामागचा विद्यापीठाचा खरा हेतू तोच होता. सूचनेतलं वाक्य निःसंदिग्ध असेल तर ते वाचून यंत्रच पुढचं काम करू शकतं: कोणी, काय, कधी करायचं ते ओळखायचं, फाइल उघडायची, खोली राखून ठेवायची, वीज तोडायची. पूर्वी पत्र निघाल्यावर ते अमलात आणायला माणसं लागत. आता पत्र निघणं आणि काम सुरू होणं एकाच क्षणी घडे.

तहसीनने कौस्तुभचं पत्र भिंतीवरच्या पडद्यावर घेतलं आणि 'कर्ता' या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे दोन नावं आहेत बघ. कुलगुरू, आणि तुझा नवरा."

"दोघं कसे?"

"ते तूच सांग. व्याकरण तुझं खातं."

शलाका वाक्याकडे पाहत राहिली. मग तिने खुर्ची ओढली आणि मोठ्याने विचार करू लागली. "आपण म्हणजे मी आणि तू मिळून. आणि आपण म्हणजे आदरानं 'तुम्ही'सुद्धा. एरवी क्रियापद सांगतं ना आपल्याला. 'आपण जाऊ' म्हणजे दोघं. 'आपण जाल' म्हणजे समोरचा. पण ठरवणं भूतकाळात आलं की... तहसीन, बोलताना आपण 'ठरवलंस', 'ठरवलंत' म्हणतो, पण पत्रात 'मी ठरवले', 'तुम्ही ठरवले', 'आम्ही ठरवले', सगळीकडे 'ठरवले'च! तिथं क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही. काय ठरवलं तेवढंच बघतं. आणि निर्णय तर नेहमी भूतकाळातच कळवतात."

"म्हणजे यंत्राला कळलंच नाही, कुणी ठरवलं."

"कळायला वाक्यात काही ठेवलंच नाही आपण."

"म्हणून त्यानं दोघांची नावं लावली," तहसीन म्हणाली. "संयुक्त निर्णय. आणि संयुक्त निर्णयाला दोन्ही पक्षांची संमती लागते, हा विद्यापीठाचाच जुना नियम. करारांसाठी केलेला. यंत्रानं तो इथे लावला. बटणं त्यातून आली."

दोघींनी मग मागची पत्रं काढली. हा प्रकार गेल्या हिवाळ्यापासून चालू होता. मुलींच्या वसतिगृहाला पत्र गेलं होतं, 'फाटक नऊ वाजता बंद करण्याचे आपण ठरवले आहे.' मुलींनी धडाधड 'संमती नाही' दाबलं होतं आणि फाटक दहापर्यंत उघडं राहत होतं. ग्रंथालयाचा दंड वाढला नव्हता. एका प्राध्यापकाची बदली झाली नव्हती. कोणी तक्रार केली नव्हती, कारण प्रत्येकाला वाटलं होतं की विद्यापीठाने विचारून कारभार करायचं नवं धोरण आणलं आहे. पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होतं, लोक जरा हळू कामाला लागतायत एवढंच.

तहसीन हसून हसून बेजार झाली. "शलाका, एवढं मोठं विद्यापीठ महिनोन्‌महिने तुझ्या सर्वनामावर चाललंय!"

शलाकालाही हसू आलं. तिला भीती वाटायला हवी होती, पण तिला वाटत होतं ते कुतूहल. कोणीही न ठरवता एक संस्था बदलली होती. चांगलीही झाली होती, काही बाबतींत.

संध्याकाळी ती सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या केंद्रावर गेली. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि वर डोंगरात गुहा. कौस्तुभ देवरे इथे वटवाघळांचे आवाज टिपत असे. माणसाच्या कानाला ऐकू न येणारे ते आवाज खालच्या पट्टीत आणले की कोणती जात, किती संख्येने, कोणत्या शिवारात किडे टिपते आहे, हे कळायचं. आसपासच्या डाळिंबाच्या बागांत पतंगांचा उपद्रव कुठे वाढतोय, हे तो बागाइतदारांच्या आधी सांगू शके. पण विद्यार्थी मिळत नव्हते. वटवाघळांपासून रोग येतात या भीतीने पालक मुलांना पाठवत नसत.

शलाकाने त्याला सगळं सांगितलं. तो शेडच्या पायरीवर बसून ऐकत राहिला. दिवेलागण होत होती आणि गुहेच्या तोंडातून पहिला काळा लोट बाहेर पडत होता.

"म्हणजे मी बटण दाबलं नाही, तर केंद्र बंद होऊच शकत नाही?"

"यंत्राच्या दृष्टीनं नाही."

"मग तू काही करू नकोस," कौस्तुभ म्हणाला. "खोटं बोल असं म्हणत नाही मी. फक्त काही करू नकोस."

"कोणाच्या तरी लक्षात येईलच."

"येईल तेव्हा येईल. शलाका, तू ते दुरुस्त केलंस की दुसऱ्या दिवशी इथली वीज जाईल. मग काय? आपण शिलाँगला जाणार, ते तर ठरलंच आहे."

ती त्याच्याकडे वळली. "शिलाँगला?"

"तिथल्या संस्थेनं बोलावलंय ना. गुहाच गुहा आहेत तिकडे. मी सांगितलं होतं तुला."

"बोलावलंय असं सांगितलं होतंस. ठरलं कधी?"

"बोलता बोलता आपण ठरवलं की."

"कौस्तुभ, मला कोणी विचारलं?"

तो पायरीवरून उठला. मग म्हणाला, "आता घरातसुद्धा कर्ता शोधणार का तू?"



पुढचे काही दिवस शलाकाने खरंच काही केलं नाही. ती स्वतःला सांगत होती की आधी सगळी प्रकरणं पाहायला हवीत. पाहता पाहता ती संगीत विभागाच्या पत्रापाशी आली. तेही बंद करण्याचंच पत्र होतं, गेल्या हिवाळ्यातलं. संमती आलेली नव्हती, नकारही आलेला नव्हता. तिने ठरवलं, जाऊन बघू.

संगीत विभाग म्हणजे जुन्या इमारतीतला एक लांबट वर्ग होता. प्रा. रघुवीर गुरव एकटेच हार्मोनियमची धूळ पुसत बसले होते. तिला पाहून ते घाईने उठले.

"या, या. बसायला जागा भरपूर आहे. विद्यार्थी नाहीत यंदा."

"का हो सर? प्रवेश झाले नाहीत?"

"कसे होणार? संमती यायची असेल तर कृतिपट प्रवेश उघडत नाही. पैसे पण थांबतात. आणि संमती द्यायला माझा हात होईना."

"मग नकार का नाही दिलात?"

गुरव सर ओशाळले. "नकार कसा देऊ? ठरवलं तर मीच होतं ना. पत्रात स्पष्ट आहे. आपण ठरवले आहे. कुलगुरू मॅडम खोटं कशाला लिहितील? त्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्याशी एक बैठक झाली होती. विद्यार्थी कमी आहेत, असं मी बोललो होतो. तेव्हाच मी काहीतरी कबूल करून बसलो असणार. आठवत नाही. वय झालं." ते हार्मोनियमच्या पेटीवर फडकं फिरवत राहिले. "जुनी मुलं विचारतात, सर, विभाग का बंद केलात? मी सांगतो, चुकलं माझं."

शलाकाला तिथे फार वेळ बसवेना. ती उठून जिना उतरू लागली. वसतिगृहातल्या मुलींनी वाक्य वाचलं आणि 'आम्ही कुठे ठरवलं?' असं म्हणून नकार दिला. या माणसाने तेच वाक्य वाचलं आणि स्वतःच्या आठवणीवर अविश्वास दाखवला. महिनोन्‌महिने तो दुसऱ्याने केलेल्या गोष्टीचा अपराध स्वतःच्या माथी घेऊन बसला होता. आणि हे वाक्य तिच्या नकाशातून निघालं होतं.

ती तशीच कुलगुरूंच्या कार्यालयात गेली.

डॉ. वाघचौरेंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच म्हणाल्या, "म्हणजे माझी पत्रं इतके दिवस लोकांची परवानगी मागत फिरतायत?"

"हो, मॅडम."

"आणि मी समजत होते, माझ्या काळात तक्रारी कमी झाल्या." त्या हसल्या. मग संख्याशास्त्राच्या सवयीने त्यांनी वही ओढली. "खरंच कमी झाल्यात, बरं का. विचारलं की लोक कमी भांडतात, असा निष्कर्ष निघतो. तसंच ठेवलं तर?"

"गुरव सर त्या आकड्यांत नाहीत, मॅडम. त्यांनी तक्रार केलीच नाही. त्यांना वाटतं, विभाग त्यांनीच बंद केला."

कुलगुरूंच्या हातातलं पेन थांबलं. "असं म्हणाले ते?"

"मुलांची माफी मागतायत."

मग डॉ. वाघचौरे म्हणाल्या, "सगळीकडे परत 'आम्ही' करून टाका. आजच."

"करता येईल. पण मग जे खरोखर सगळ्यांनी मिळून ठरवलंय, तेही 'आम्ही' होईल. आणि 'आम्ही' म्हटलं की त्यात कोण हेही कळत नाही. यंत्राला हा फरक शिकवता येणार नाही, कारण तो वाक्यात नाही. तो लिहिणाऱ्याला माहीत असतो. त्यालाच विचारायला लागेल."

"काय विचारायचं?"

"एवढंच, की यात वाचणारी व्यक्ती आहे का? 'नाही' म्हटलं तर, मग कोण आहे? नाव लिहा. तोवर पत्र पुढे जाणार नाही." शलाका थांबली. "आणि एक सांगायचंय. वटवाघूळ केंद्राचा प्रमुख माझा नवरा आहे. हा नियम दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला बरा."

"माहीत आहे मला. नियम झाला की त्याचं केंद्र जाईल. तरी तुम्ही इथे आलात." कुलगुरूंनी वही मिटली. "तुम्हीच लिहा."

त्या रात्री कौस्तुभ तिच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं. तो फक्त म्हणाला, "मला विचारलं नाहीस."

"नाही विचारलं," ती म्हणाली. "विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि मला ते करायचंच होतं. ते माझं एकटीचं आहे. मी ठरवलं."

मग त्याने ताट उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

अडकलेली सगळी पत्रं प्रश्नासकट पाठवणाऱ्यांकडे परत गेली. यात वाचणारी व्यक्ती आहे का? त्या दिवशी प्रशासन भवनात विलक्षण शांतता होती. साधा प्रश्न होता, पण उत्तर द्यायला माणसं तासन्‌तास घेत होती. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी मुलींना खाली बोलावलं, त्यांच्याशी वाद घातला, अखेर साडेनऊवर तडजोड केली आणि मग 'हो' लिहिलं. ज्या प्राध्यापकाची बदली अडली होती त्याचं पत्र पाठवणाऱ्याने परत घेतलं. 'मग कोण?' याच्या उत्तरात लिहायला त्याच्याकडे स्वतःशिवाय कोणाचं नाव नव्हतं. वित्त विभागाने चलाखी केली. त्यांनी वाक्यच बदललं: 'शुल्क वाढवण्याचे ठरवण्यात आले आहे.'

"कर्ता पळाला!" तहसीन ओरडली.

शलाकाने आणखी एक ओळ जोडली. अशा वाक्यापुढे यंत्र आता फक्त एक शब्द विचारू लागलं. "कोणी?"

कुलगुरूंनी संगीत विभागाचं पत्र यंत्रातून पाठवलं नाही. त्या स्वतः चालत जुन्या इमारतीत गेल्या. शलाका बरोबर होती. गुरव सर उभे राहिले तसे त्या म्हणाल्या, "सर, विभाग बंद करायचं मी ठरवलं होतं. तुम्ही नाही. त्या बैठकीत तुम्ही कशालाही हो म्हटलं नव्हतं. तुमची आठवण चांगली आहे."

गुरव सरांनी हातातलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. "तुम्ही ठरवलंत?"

"मी."

"मग मला त्यावर बोलायचंय," ते म्हणाले. असा ताठ आवाज त्यांनी या खोलीत गाणं शिकवतानाच काढला असेल.

कौस्तुभच्या केंद्राचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. 'वटवाघूळ अभ्यास केंद्र या सत्राअखेर बंद करण्याचे मी ठरवले आहे. – प्रमिला वाघचौरे.' खाली बटणं नव्हती. निर्णय मान्य नसल्यास विद्या परिषदेपुढे दाद मागता येईल, असं होतं. आतापर्यंत कोणालाच दाद मागता आली नव्हती, कारण स्वतःच्याच निर्णयाविरुद्ध दाद कोणी कशी मागणार?

कौस्तुभने मागितली. परिषदेत त्याने बागांचे नकाशे दाखवले, आवाज ऐकवले. एका सदस्याने कुलगुरूंना विचारलं, "या निर्णयात तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?" त्या म्हणाल्या, "कोणी नाही. मी आकडे पाहिले, केंद्र पाहिलं नव्हतं." मतदान झालं. केंद्र प्राणिशास्त्र विभागाला जोडून चालू ठेवायचं ठरलं. संगीत विभाग वाचला नाही. गुरव सर त्याच्या बाजूने मोजकंच पण सुरेख बोलले, हरले, सभेला नमस्कार करून बाहेर आले. मुलं दारात उभी होती. "त्यांनी बंद केला," सर मुलांना म्हणाले, "मी विरोध केला." आणि ते मुलांना घेऊन चहाला गेले.

केंद्र वाचल्याचं पत्र आलं त्या संध्याकाळी घरात आनंद असायला हवा होता. शलाका भाकऱ्या थापत होती. कौस्तुभ ओट्याला टेकून उभा राहिला.

"मला शिलाँगला जायचंय," तो म्हणाला.

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "केंद्र तर राहिलं."

"म्हणूनच कळलं. बंद होतंय म्हणून जावं लागतंय, असं मी म्हणत होतो. तुला पण आणि मला पण. आता कारण उरलं नाही, तरी जावंसं वाटतंय. ते आधीपासूनच वाटत होतं, शलाका. केंद्राच्या नावावर ढकलत होतो एवढंच." त्याने तिच्याकडे पाहिलं. "इथलं काम विभागातले लोक करतील. मी बोललोय त्यांच्याशी. आता तुला विचारतो. तू येशील का?"

खरं म्हणजे या प्रश्नाची ती किती दिवस वाट पाहत होती. तरी उत्तर द्यायला तिला भाकरी होईपर्यंतचा वेळ लागला. तिला या भाषेतच काम करायचं होतं. बाकीच्या विद्यापीठांतून समलेखाच्या त्या एका प्रश्नाबद्दल चौकशा येऊ लागल्या होत्या. आणि तिला हेही पाहायचं होतं की रोज 'कोणी?' असं विचारल्यावर माणसं हळूहळू कशी लिहू लागतात.

"नाही," ती म्हणाली. "मला इथे राहायचंय."

त्याने मान हलवली. तो दुखावला होता, आणि ते त्याने लपवलं नाही. "विचारलं नसतं तर आली असतीस?"

"आले असते. आणि मग रोज तुला ऐकवलं असतं."

त्याला हसू आलं. मग तिलाही. भाकरी थोडी करपली, ती दोघांनी वाटून खाल्ली.

जूनमध्ये तो एकटा गेला. सुरुवातीचे आठवडे अवघड गेले. घरात दोन माणसांचं सामान आणि एकाच माणसाचा आवाज. कधी कधी त्याचा फोन येई तेव्हा तो गुहेच्या तोंडाशी भिजत उभा असे आणि तिकडल्या नव्या जातींबद्दल इतक्या उत्साहाने बोले की ती ऐकता ऐकता विसरून जाई की आपण रागावलो आहोत. कधी दोघं भांडत. फोन ठेवून देत, पुन्हा करत. हे असं किती दिवस चालेल, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

दिवाळीला तो आला, दाढी वाढवून, पिशवीत तिकडची हळद आणि दालचिनी घेऊन. भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी परतीचं तिकीट होतं. सकाळी शलाका चहा गाळत होती तेव्हा तो बॅग न भरताच स्वयंपाकघरात आला.

"मी आठवडाभर रजा वाढवून घेऊ शकतो," तो म्हणाला. "राहू का?"

तिने दुसरा कप काढला.

"राहा," ती म्हणाली.